मातीतून काचेआड : कन्हान-जामच्या खोऱ्यातील प्राचीन वस्तू आणि त्यांची प्रदर्शने



सौंसर आणि पांढुर्णा ही नावे घेतली की बाहेरच्या माणसाला संत्री आठवतात. फार तर जामसावळीचा हनुमान, किंवा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात होणारी गोटमार. प्राचीन कला, शिलालेख, ताम्रपट, उत्खनन या विषयांशी या दोन गावांचा काही संबंध असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. संग्रहालय म्हटले की इथला विद्यार्थी नागपूरचा 'अजब बंगला' पाहून येतो, तोही सहलीत, शिक्षकांच्या शिट्टीच्या तालावर. भुसा भरलेला वाघ त्याच्या लक्षात राहतो. ताम्रपटांचे कपाट लक्षात राहत नाही, आणि त्याबद्दल त्याला दोष देता येत नाही. कारण त्या हिरवट पत्र्यांवर आपल्या शिवारापलीकडच्या गावाचे नाव कोरलेले असू शकते, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

ते नाव खरोखरच कोरलेले आहे. राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याचा शके ८६२, म्हणजे इसवी सन ९४० चा एक ताम्रपट वर्धा जिल्ह्यातील देवळी येथे मिळाला. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी तो वाचून प्रसिद्ध केला. 'नागपूर-नंदिवर्धन' नावाच्या विषयातील, म्हणजे त्या काळच्या प्रशासकीय विभागातील, एक गाव दान दिल्याची नोंद त्यात आहे. नागपूर हे नाव प्रथम आढळते ते याच लेखात, असे मानले जाते. गोंड राजा बख्त बुलंद याने नागपूर शहर वसवले ते १७०२ च्या सुमारास; नाव मात्र त्याच्याही साडेसातशे वर्षे आधीचे. दान दिलेल्या गावाच्या चतुःसीमा सांगताना लेखात कन्दना नदी आणि मोहमग्राम यांचा उल्लेख येतो. कन्दना म्हणजे कन्हान आणि मोहमग्राम म्हणजे सौंसर तहसिलीतील मोहगाव, असे अभ्यासकांनी जुळवून दाखवले आहे. देवळी आणि मोहगाव यांच्यात सरळ रेषेत शंभरेक किलोमीटरचे अंतर. हा पत्रा इतक्या दूर कसा गेला, हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवू. ताम्रपट ही तशी हिंडणारी वस्तू आहे. जमिनीचा तो कायमचा सातबारा असल्यामुळे दान घेणाऱ्याचे वंशज स्थलांतर करताना तो बरोबर नेत असत.

हिंडण्याचे याहून विलक्षण उदाहरण आहे. वाकाटक राणी प्रभावतीगुप्ता ही सम्राट दुसरा चंद्रगुप्त याची मुलगी. पती निवर्तल्यावर अल्पवयीन मुलाच्या नावाने तिने विदर्भाचा कारभार केला. रामटेकजवळचे नंदिवर्धन, म्हणजे आजचे नगरधन, येथून तिने दिलेला एक ताम्रपट पुण्यात एका तांबटाच्या घरी सापडला. तांबटाच्या घरी जुन्या तांब्याचे काय होते, हे सांगायला नको. ते पत्रे भट्टीत गेले असते तर गुप्त आणि वाकाटक या दोन घराण्यांचे नाते आणि त्यावरून ठरणारा वाकाटकांचा काळ, दोन्ही प्रश्न आणखी कित्येक वर्षे अंधारात राहिले असते.

प्रभावतीगुप्तेचा मुलगा दुसरा प्रवरसेन पाचव्या शतकात होऊन गेला. 'सेतुबंध' हे प्राकृत काव्य त्याच्या नावावर आहे. वाकाटकांचे सर्वांत जास्त ताम्रपट त्याचेच, आणि त्यांपैकी दोन या परिसराच्या दृष्टीने जवळचे. एक छिंदवाडा जिल्ह्यातील दुधिया येथला, त्याच्या राज्यवर्ष २३ चा. दुसरा पट्टणचा. मुलताईकडचे हे प्रभातपट्टण पांढुर्ण्याच्या लोकांना परके नाही. तिथे सोयरिकी आहेत, बाजारहाट आहे. पट्टणचा ताम्रपट राज्यवर्ष २७ चा असून महापुरुषाच्या, म्हणजे विष्णूच्या, नावाने चाललेल्या अन्नसत्राला जमीन दिल्याचे त्यात नमूद आहे. हा लेख ज्याने लिहिला त्याचे नाव कालिदास. हा कालिदास म्हणजे मेघदूतकार नव्हे, असे महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी स्पष्ट केले आहे, आणि ते पटण्यासारखे आहे. तरीही रामगिरीच्या छायेतल्या राज्यात त्याच नावाचा एक कारकून दानपत्रे लिहीत होता, एवढी गोष्टसुद्धा पांढुर्ण्याच्या वाचकाला घडीभर थांबवील.

हे ताम्रपट दिसतात कसे, हे थोडे सविस्तर सांगण्यासारखे आहे, कारण संग्रहालयात नेमके तेच सांगितले जात नाही. तांब्याचे लांबट पत्रे ठोकून तयार करीत. पत्र्यांना एका बाजूला भोक पाडून त्यांतून तांब्याची कडी ओवीत, आणि कडीला राजमुद्रा जोडीत. पहिल्या पत्र्याची बाहेरची बाजू बहुधा कोरी ठेवीत, म्हणजे घासले गेले तरी अक्षर झिजू नये. वाकाटकांच्या अक्षरांची डोकी छोट्या चौकोनी पेटीसारखी असतात. तिला पेटिकाशीर्षक लिपी म्हणतात. एकदा ही पेटी ओळखता आली की तो पत्रा शेजारच्या राष्ट्रकूटांच्या पत्र्यापासून शाळकरी मुलालाही वेगळा काढता येतो. मजकुरात वंशावळ, मग दान, मग सवलती. सवलतींची ही यादी रसभरीत असते. दान दिलेल्या गावात सैनिकांनी शिरायचे नाही. गावाने सरकारी माणसांना दूध, फुले, कातडी, कोळसा पुरवायचा नाही. मिठाचा वगैरे कर नाही. ज्या गोष्टींतून सूट दिली, त्या इतर गावांवर लादल्या जात होत्या, हे उघड आहे. राजांच्या पराक्रमापेक्षा पाचव्या शतकातल्या कुणब्याचे आयुष्य या यादीत जास्त दिसते. अमरावती जिल्ह्यातील चम्मकच्या ताम्रपटात तर एक हजार ब्राह्मणांना गाव देताना राजद्रोह, चोरी, ब्रह्महत्या न करण्याच्या अटी घातल्या आहेत. अट मोडली तर दान रद्द. राजाचा विश्वास किती आणि सावधपणा किती, याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

आता काचेच्या कपाटाकडे वळू. नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय १८६३ साली स्थापन झाले. त्या वेळी मध्यप्रांताची राजधानी नागपूर आणि छिंदवाडा, बैतुल, बालाघाट, शिवनी हे सगळे जिल्हे त्याच प्रांतातले. शेतात काही सापडले की ते तहसिलीतून जिल्ह्याला, जिल्ह्यातून नागपूरला, अशी वाट ठरलेली होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा मध्यप्रदेशात राहिला. सौंसरहून नागपूर गाठायला दीडेक तास पुरतो. अरुंद रुळांवरची जुनी छिंदवाडा गाडी होती तेव्हाही बाजार, दवाखाना, सोयरीक सगळे नागपूरलाच होते. कागदोपत्री मात्र या मातीतून निघालेल्या वस्तूची दिशा बदलली. १९५५ साली नांगराला लागलेली मूर्ती नागपूरला गेली असती. १९५७ साली लागलेली भोपाळकडे. इसवी सन ९४० मध्ये मोहगावच्या शेजारचे गाव 'नागपूर-नंदिवर्धन' विषयात मोडत होते, हे आठवले म्हणजे या बदलातली गंमत आणि खंत दोन्ही ध्यानात येतात.

परिणाम असा की वाकाटकांचा इतिहास ज्या प्रदेशाचा, तो प्रदेश दोन राज्यांच्या दोन पुरातत्त्व खात्यांत वाटला गेला. नगरधन, मनसर, मांढळ ही स्थळे महाराष्ट्रात. दुधिया, पट्टण, बालाघाटकडील तिरोडी ही मध्यप्रदेशात. वाकाटक राजांना सातपुड्याच्या अलीकडे आणि पलीकडे असा भेद ठाऊक नव्हता. प्रदर्शन मांडणाऱ्याला मात्र तो ठेवावा लागतो, कारण वस्तू ज्याच्या ताब्यात, प्रदर्शन त्याचे. मनसरला १९७२ साली सापडलेली बुटक्या शिवाची अप्रतिम मूर्ती दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. १९९० च्या दशकाअखेर जगत्पती जोशी आणि अ. कु. शर्मा यांनी मनसरला केलेल्या उत्खननात भव्य विटांचे बांधकाम उघडे पडले, आणि ताम्रपटांतले प्रवरपूर ते हेच, असे अनेक अभ्यासक मानू लागले. मिराशींनी ते पवनार मानले होते. पुढे २०१५ ते २०१८ या काळात नगरधनला डेक्कन कॉलेज आणि महाराष्ट्राचे पुरातत्त्व खाते यांनी केलेल्या उत्खननात प्रभावतीगुप्तेच्या नावाची मातीची मुद्रा मिळाली. राणीचे नाव आणि शंखाचे चिन्ह असलेला तो नखाएवढा ऐवज एखाद्या मोठ्या शिल्पाइतकाच मोलाचा आहे. पण अशी मुद्रा, दुधियाचा ताम्रपट आणि मनसरचा शिव एकाच दालनात पाहायचे असतील तर सामान्य माणसाने काय करावे?

वस्तू पांगण्याची गोष्ट याहून जुनी आहे. १८७० साली बालाघाट जिल्ह्यातील गुंगेरिया येथे गुरे राखणाऱ्या पोरांना जमिनीतून धातूचे टोक वर आलेले दिसले. उकरले तेव्हा तांब्याची ४२४ हत्यारे आणि चांदीचे १०२ पातळ पत्रे निघाले. पत्र्यांत गोल चकत्या होत्या आणि बैलाच्या शिंगांसह मुंडक्याच्या आकाराचेही पत्रे होते. तांब्याचे वजन ८२९ पौंड, म्हणजे पावणेचार क्विंटलच्या घरात. साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या आसपासचा एवढा मोठा ताम्रसंचय देशात दुसरा सापडलेला नाही. काही वस्तू नागपूरला राहिल्या, काही कलकत्त्याला, काही लंडनच्या ब्रिटिश संग्रहालयात गेल्या. संचय फोडून वाटला, हे त्या काळच्या रीतीला धरूनच झाले. परंतु एकत्र पुरलेली वस्तू एकत्र पाहण्यातच तिचा अर्थ असतो. कुऱ्हाडी आणि चांदीचे बैल एकाच खड्ड्यात कोणी व का ठेवले, हा प्रश्न तीन शहरांतल्या तीन कपाटांसमोर उभे राहून सुचणे कठीण.

नागपूरजवळच्या जुनापाणीची शिळावर्तुळेही अशीच. १८६० च्या दशकात रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने ती खोदली आणि तिथल्या वस्तू ब्रिटिश संग्रहालयात पोचल्या. शंभर वर्षांनी, १९७० नंतर, नागपूर विद्यापीठाच्या वतीने डॉ. शांताराम भालचंद्र देव यांनी माहुरझरीला खणले तेव्हा रीत बदललेली होती. वर्तुळातला प्रत्येक थर नोंदला गेला. मालकाबरोबर पुरलेला घोडा, त्याच्या तोंडावरचा तांब्याचा अलंकार, लोखंडी लगाम हे जसेच्या तसे चित्रित झाले. पुढे नायकुंडला लोखंड गाळण्याची भट्टीच सापडली. म्हणून इसवी सनापूर्वीच्या त्या लोकांबद्दल आज काही खात्रीने बोलता येते. माहुरझरी काटोलच्या वाटेवर आहे, आणि काटोल पांढुर्ण्याचे शेजारी. वर्तुळाकार मांडलेले धोंडे या परिसरात कोणी पाहिले तर ते गोवाऱ्यांचा खेळ नसून थडगे असू शकते, एवढे जरी लोकांना कळले तरी बांध घालण्यासाठी ते धोंडे उपसले जाणार नाहीत.

मोठ्या प्रदर्शनांविषयी वर्तमानपत्रांतून पुष्कळ छापून येते. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात नोव्हेंबर २०१७ ते फेब्रुवारी २०१८ या काळात ब्रिटिश संग्रहालय आणि दिल्लीचे राष्ट्रीय संग्रहालय यांच्या सहकार्याने एक प्रदर्शन भरले होते. भारतातल्या वस्तू जगातल्या समकालीन वस्तूंच्या शेजारी ठेवल्या होत्या. डिसेंबर २०२३ मध्ये तिथेच ग्रीक, रोमन, इजिप्शियन आणि असिरियन शिल्पे भारतीय शिल्पांशेजारी आली. या मांडणीत मोठे शहाणपण आहे. पूर्वीच्या प्रदर्शनांत ग्रीस हा मापदंड आणि बाकी सगळे त्याच्या मापाने लहान-मोठे, असा सूर असे. दोन मूर्ती एकाच उंचीच्या चौथऱ्यावर शेजारी ठेवल्या की पाहणाऱ्याला व्याख्यान लागत नाही. महाराष्ट्राच्या दृष्टीने असा शेजार नवा नाही. इसवी सन ७९ मध्ये राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई शहरात १९३८ साली हस्तिदंताची एक भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तिच्या जवळच्या बहिणी म्हणाव्यात अशा लहान मूर्ती तेर आणि भोकरदन येथे मिळाल्या. म्हणजे मराठवाड्यातल्या कारागिराचे काम, किंवा त्याच घडणीचे काम, व्हेसुव्हियसच्या पायथ्याशी श्रीमंताच्या घरात होते. तेरच्या लोकांनी आपली मूर्ती तेरमध्येच, तिथल्या संग्रहालयात ठेवली आहे. ती पाहायला जग तेरला जाते. या गोष्टीचा हेवा वाटावा.

सौंसर-पांढुर्ण्याला मुंबईची प्रदर्शने पाहायला जाणे सगळ्यांना परवडणारे नाही. मुंबईच्या संग्रहालयाने २०१५ पासून बसमध्ये फिरते संग्रहालय सुरू केले, ही चांगली सोय. पण ती राज्याची सीमा ओलांडून इकडे यावी, ही अपेक्षा फार. छिंदवाड्याला बादल भोई यांच्या नावाचे आदिवासी संग्रहालय आहे. १९५४ पासूनची त्याची परंपरा, आणि १५ नोव्हेंबर २०२४ रोजी त्याच्या नव्या, आदिवासी स्वातंत्र्यसैनिकांना वाहिलेल्या वास्तूचे उद्घाटन झाले. गोंड, कोरकू, भारिया यांचे जीवन तिथे नीट मांडलेले आहे, आणि ते मुद्दाम जाऊन पाहावे. देवगडच्या गोंड राजांशिवाय नागपूरचा इतिहास सुरूच होत नाही. मात्र ताम्रपट हा त्या संग्रहालयाचा विषय नव्हे. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौंसर तहसिलींचा मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. जिल्हा म्हटला की कलेक्टर आला, कचेरी आली, आणि सापडलेल्या वस्तूची पहिली नोंद घेणारे टेबल आले.

त्या टेबलापाशी काय होते, ते महत्त्वाचे आहे. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक किमतीचा पुरलेला ठेवा सापडला तर त्याची वर्दी कलेक्टरला द्यावी लागते. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांहून जुनी मूर्ती, नाणे, शिलालेख देशाबाहेर नेण्याला खाजगी माणसाला बंदी आहे आणि मूर्तीसारख्या ठरावीक वस्तूंची नोंदणी सक्तीची आहे. कायदा वाईट नाही. शेतकऱ्याच्या मनातली भीती मात्र वेगळी असते. वर्दी दिली तर शेत सरकारजमा होईल, पोलीस घरी येतील, गावात 'गुप्तधन मिळाले' अशी बोंब होईल. म्हणून तो गप्प राहतो. नाणी सोनाराकडे जातात, मूर्तीला शेंदूर लागतो, आणि ताम्रपट घरातली म्हातारी चिंच आणि राख लावून लख्ख घासते. शेंदूर निघू शकतो. घासलेले अक्षर परत येत नाही. ज्या हिरव्या थराला माणूस घाण समजतो त्याच्याखाली अक्षरे वाचलेली असतात. हे एक वाक्य गावोगावच्या ग्रामपंचायतीच्या फलकावर लागले तरी पुष्कळ काम होईल.

आणि इथे ग्रंथालयाचा संबंध येतो. मूळ वस्तू ठेवणे हे ग्रंथालयाचे काम नाही. त्यासाठी पहारा, हवामान, विमा, सगळेच लागते. पण ताम्रपट आणि शिलालेख यांच्या बाबतीत एक सोय आहे, ती मूर्तीच्या बाबतीत नाही. त्यांचा ठसा घेता येतो. ओला कागद लेखावर बसवून ब्रशने हलके ठोकतात; कागद अक्षरांच्या खाचांत शिरतो. तो थोडा सुकल्यावर शाईच्या पुरचुंडीने वरून थोपटतात. पृष्ठभाग काळा होतो, अक्षरे पांढरी राहतात. असा ठसा मूळ लेखाच्या मापाचाच असतो, आणि अभ्यासक बहुधा त्यावरूनच वाचतात. मिराशींचा वाकाटक लेखांचा संपादित खंड १९६३ साली निघाला, आणि त्याआधी १९५७ साली त्यांचे 'वाकाटक नृपति आणि त्यांचा काल' हे मराठी पुस्तक आले. ही दोन पुस्तके, देवळी, दुधिया आणि पट्टण यांच्या ठशांच्या मूळ मापातल्या प्रती, शेजारी देवनागरी वाचन आणि त्याखाली सोपा मराठी अर्थ, एवढ्या साहित्यावर वाचनालयाच्या एका भिंतीवर प्रदर्शन भरते. पहारेकरी लागत नाही. परवानगी लागते ती फक्त छायाचित्रांची, आणि ती पत्राने मिळते.

मराठी अर्थावर भर मुद्दाम दिला आहे. या दोन तहसिलींत घरात मराठी आणि शाळेत बहुधा हिंदी, अशी स्थिती आहे. ताम्रपट संस्कृतात, त्यांचे संपादन इंग्रजीत, वस्तूखालची चिठ्ठी कधी हिंदीत, कधी इंग्रजीत. आजीला नातू काय वाचून दाखवणार? ज्या दानपत्रात आपल्या नदीचे नाव आले, ते तिच्या भाषेत तिच्यापुढे ठेवायला एक पान पुरते.

अशा प्रदर्शनात नकाशा असावा, आणि तो हाताने काढलेला असला तरी चालेल. त्यावर देवळी, नगरधन, मनसर, पट्टण, दुधिया, मोहगाव, मधून वाहणारी कन्हान, पश्चिमेला वर्धा, आणि फिक्या रेघेने राज्याची १९५६ ची सीमा. देवळीच्या ताम्रपटातल्या चतुःसीमांपैकी नदी आणि मोहगाव यांच्यावर अभ्यासकांनी बोट ठेवले आहे. उरलेली नावे शेजारच्या कोणत्या खेड्यांशी, वाड्यांशी, ओसाड शिवारांशी जुळतात, हे पुण्यात किंवा नागपुरात बसून ठरवण्यापेक्षा मोहगावच्या पाराखाली बसलेल्या चार म्हाताऱ्यांना विचारणे अधिक फलदायी ठरेल. रिठी गावांची नावे सातबाऱ्यावर नसतात, ती त्यांच्या तोंडी असतात.